पाऊस सुरू झाला की मला जुनी हळवी भावगीतंच ऐकावीशी वाटतात. मित्र 'रडकी गाणी' म्हणून हसतात. नीट ऐकायची तर सुरुवात कुठून करू?

मित्रांना म्हणावं, अर्धा तास गप्प बसून ऐका, मग बोला. मी तबला वाजवतो आणि हा 'रडकी' शब्द तीस वर्षं ऐकतोय. पहिल्यांदा ऐकला तो माझ्याच गुरुबंधूकडून. "सुगमला, म्हणजे भावगीतांना, कसली साथ? ठेका धरला की झालं."

तेव्हा मलाही तसंच वाटायचं. 1994 च्या गणपतीत सांगलीजवळच्या एका गावात मंडळाचा कार्यक्रम होता. गाणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज थोडा थकलेला. दादऱ्यातलं, म्हणजे सहा मात्रांच्या तालातलं, भावगीत होतं. पहिल्या अंतऱ्याची शेवटची ओळ म्हणून बाई थांबल्या. मला वाटलं, ही आपली जागा. लग्गी लावली, म्हणजे साधा ठेका सोडून जलद, नटवे बोल वाजवले, आणि तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर आलो. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. पण बाईंनी मुखडा, म्हणजे गाण्याची पहिली ओळ, उचललाच नाही. पेटीवर नुसता सूर चालू ठेवायला लावून माझ्याकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाळ, ती ओळ लोकांपर्यंत पोचायच्या आत पुसलीस तू."

पुढे डग्ग्याची घुमक आवरून सहा मात्रांचा साधा ठेका धरला. हात नुसते शिवशिवत होते. दुसऱ्या अंतऱ्यानंतर बाई तशाच थांबल्या, आणि मांडवात शेंगा सोलत बसलेलेसुद्धा थांबले. आठ वर्षं रियाज केला होता, पण इतकं अवघड काही वाजवलं नव्हतं.

संगीतकार यशवंत देव या गाण्याला 'शब्दप्रधान गायकी' म्हणायचे, त्याच नावाचं पुस्तकही आहे त्यांचं. जरूर वाचा.

सुरुवात गजानन वाटव्यांपासून करा. गणपतीत पुण्याच्या चौकांत लोक रस्त्यावर बसून त्यांना ऐकायचे. मग माणिक वर्मा, मालती पांडे. 'शुक्रतारा' तुम्हाला कुणीही सांगेल (शब्द पाडगावकरांचे, चाल खळ्यांची, आवाज अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे), पण या वेळी तबला कुठे गप्प बसतो तेवढंच ऐका. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मिळायची, त्यात पसारा मांडायला वावच नव्हता. हीच गाणी सिंथेसायझर घालून नव्याने केलेली मिळतात. ती टाळा. मोकळ्या जागा सगळ्या भरून टाकल्यात.

जुनं ते सगळं चांगलं असं मात्र नाही. चंद्र-चांदण्या जुळवून पाडलेली गाणीही ढिगानं आहेत. जुन्या तबकड्या खरखरतात, त्याचीही सवय करावी लागेल.

आणि माझा तो गुरुबंधू हे वाचत असेल तर त्याला सांगणं आहे, येत्या गणपतीत ये. एकही लग्गी न लावता दहा मिनिटं नुसता दादरा धर. गाणारं माणूस मी आणतो.