पीएचडी पेशीजीवशास्त्रात झाली आहे. पार्किन्सन्सवर पोस्टडॉक करायला जर्मनीत जावं का?

तुमची पीएचडी पुण्यात झाली, विषय पेशीतल्या वाहतुकीचा, मेंदूवर कधी काम केलेलं नाही, आणि आता ट्युबिंगेनच्या एका लॅबने २ वर्षांच्या पोस्टडॉकसाठी (पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधन-नोकरीसाठी) विचारलंय. मेंदूचं काही येत नसताना निभेल का आणि जागा घ्यावी का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मी याच गावात पार्किन्सन्सवर पोस्टडॉक केलं आणि अजून याच विषयात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निभेल. उलट तुमच्यासारख्यांची या क्षेत्राला गरज आहे. पार्किन्सन्समध्ये मध्यमेंदूच्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या, डोपामिन (हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या चेतापेशी मरत जातात आणि उरलेल्यांत अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचे गोळे साचतात. त्यांना लेवी बॉडीज म्हणतात. १९९७ साली या प्रथिनाच्या जनुकातला दोष आनुवंशिक पार्किन्सन्स असलेल्या कुटुंबांत सापडला, आणि त्याच वर्षी लेवी बॉडीज याच प्रथिनाच्या असतात हेही दिसलं. पुढे जी जनुकं सापडली ती बघा. एलआरआरके२ हे एन्झाइम रॅब प्रथिनांवर, म्हणजे पेशीतली वाहतूक सांभाळणाऱ्या प्रथिनांवर, फॉस्फेट चढवतं. जीबीए१ या जनुकातून लायसोसोममधलं (पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशवीतलं) एक एन्झाइम तयार होतं. रॅब आणि लायसोसोम तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. मेंदूची रचना, पेशी रंगवणं, इलेक्ट्रोफिजिऑलॉजीची (पेशींचे विद्युत संकेत मोजण्याची) तोंडओळख हे सगळं पहिल्या काही महिन्यांत हाताखालून जातं.

जागा घ्यावी का, हे मात्र लॅबचं नाव किंवा तिचे पेपर बघून ठरवू नका. हा आजार माणसाला बहुतेक वेळा साठीच्या आसपास गाठतो आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. तुमचा करार २ वर्षांचा आहे. तुमच्या प्रयोगाला लागणारा वेळ या २ वर्षांत बसतो का, हे आधी तपासा. माझ्या ओळखीतले या क्षेत्रातले चांगले पोस्टडॉक अडकले ते इथेच, बुद्धी कमी पडली म्हणून नाही.

उंदरांचं उदाहरण घ्या. सिन्युक्लिनच्या जनुकातला ए५३टी हा दोष घातलेले जे उंदीर सर्रास वापरले जातात (एम८३ नावाचे), त्यांच्यात दोन्ही प्रती सदोष असल्या तरी हालचालींची लक्षणं यायला ८ ते १६ महिने लागतात. साध्या उंदराच्या मेंदूत सिन्युक्लिनचे तयार तंतू टोचले तर काम लवकर होतं, तरी डोपामिनच्या पेशी मेल्याचं नीट दिसायला सहा महिने जातात. आता यात उंदीर दुसऱ्या संस्थेतून मागवणं, ते क्वारंटाइनमधून बाहेर येणं, पैदास आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांची सरकारी परवानगी हे सगळं धरा. जर्मनीत ही परवानगी काटेकोर असते, तिला महिने लागतात, आणि अर्जात न लिहिलेला प्रयोग करता येत नाही. म्हणून मुलाखतीत स्पष्ट विचारा: उंदीर आज तुमच्याकडे आहेत का? परवानगी मिळालेली आहे का, आणि माझा प्रयोग तिच्यात आहे का? ‘अर्ज करतोय’ असं उत्तर आलं तर पहिलं वर्ष गेलं असं समजा.

प्रकल्प आयपीएस पेशींचा (प्रौढ पेशींपासून लॅबमध्ये केलेल्या मूळपेशींचा) असेल तर हिशोब वेगळा. रुग्णाच्या त्वचेच्या पेशींपासून मूळपेशी आणि त्यांच्यापासून डोपामिनच्या चेतापेशी करायच्या. या शेवटच्या टप्प्यालाच दीड-दोन महिने जातात. शनिवार-रविवार धरूनच कामाचं वेळापत्रक करावं लागतं. या पेशी फार नाजूक. माध्यम बदलताना अर्धंच काढायचं, तेही पिपेटचं टोक प्लेटमधल्या खळग्याच्या कडेला टेकवून, कारण सगळं एकदम उपसलं तर पेशींचा थर कडेने सुटतो आणि पापुद्र्यासारखा गुंडाळला जातो. एकदा सुटला की दोन महिन्यांचं काम फेकावं लागतं. इथे विचारायचं ते हे: रुग्णांच्या पेशींबरोबर त्याच पेशींत दोष दुरुस्त करून केलेली जोडी आहे का? ती नसेल तर दिसलेला फरक आजाराचा की दोन माणसांतला, हे सांगताच येत नाही. आणि मूळपेशी करताना पेशीचं वय पुसलं जातं, म्हणजे साठीतला आजार आपण गर्भावस्थेतल्यासारख्या पेशींत शोधतो. याबद्दल पीआय (लॅबचे प्रमुख) काय विचार करतात, हे नक्की विचारा. त्यावर मोकळेपणाने बोलणारा पीआय मला आवडतो.

सिन्युक्लिनच्या तंतूंवर काम करणार असाल तर सुरक्षिततेचा नियम पहिल्या दिवशीच शिकून घ्या. लांब तंतू पेशी नीट आत घेत नाहीत, म्हणून सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींच्या यंत्रात) त्यांचे बारीक तुकडे करतात, आणि नेमक्या त्या वेळी तुषार उडण्याचा धोका असतो. नळी बंदच ठेवायची. सांडलं तर नेहमीसारखं अल्कोहोलने पुसून भागत नाही, एसडीएस हे डिटर्जंट लागतं. हे शिकवायला लॅबमध्ये कुणी जाणतं माणूस आहे का, हेही बघा.

पैशांचं थोडक्यात. विद्यापीठातला पगार टीव्ही-एल ई१३ या सरकारी वेतनश्रेणीत असतो आणि तिचे तक्ते जाहीर असतात. पीएचडीची वर्षं अनुभवात धरून वरची पायरी मिळू शकते, पण ते सही करण्याआधी बोला. विद्यापीठांतल्या मुदतीच्या करारांवर पीएचडीनंतर साधारण ६ वर्षांची कायदेशीर मर्यादा आहे. मूल असेल तर ती २ वर्षांनी वाढते. युरोपीय संघाच्या मारी क्युरी फेलोशिपचा विचार असेल तर आत्ताच करा, कारण आधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेल्याला त्याच देशासाठी अर्ज करता येत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. हा विषय घेतलात की घरचे, शेजारचे, लांबचे नातेवाईक फोन करायला लागतात. ‘काकांचे हात थरथरतात, नवीन औषध आलंय का?’ साठच्या दशकात आलेली लेव्होडोपा आजही मुख्य औषध आहे. सिन्युक्लिनवरच्या प्रासिनेझुमॅब आणि सिनपॅनेमॅब या दोन अँटिबॉडींच्या चाचण्यांचे निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि दोन्हींत ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. त्या आठवड्यात आमच्या लॅबमध्ये कुणी फारसं बोलत नव्हतं. मी फोनवर खरं तेच सांगते, औषध बदलायचं तर न्यूरॉलॉजिस्टलाच विचारा म्हणते, आणि पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाकडे पाठवते. तिथे रुग्णांना आणि घरच्यांना जो आधार मिळतो तो मी लॅबमधून देऊ शकत नाही.

माझ्या मते उंदीर किंवा पेशींच्या जोड्या तयार असतील आणि तिसऱ्या वर्षाच्या पैशांबद्दल लेखी काही मिळत असेल तर या. नसेल तर प्रकल्प बदलून मागा. पोस्टडॉक यायच्या आधी ते सहज होतं, आल्यावर फार कठीण. लॅब सोडून गेलेल्या एखाद्या पोस्टडॉकशीही बोला, पत्ता पीआयकडेच मागा. आणि होकार दिलात की त्याच दिवसापासून घर शोधायला लागा. ट्युबिंगेन विद्यार्थ्यांचं गाव आहे, ऑक्टोबरमध्ये सत्र सुरू होताना खोली मिळणं मुश्कील असतं.