आईच्या एफडी एकाच बँकेच्या दोन शाखांत आहेत, तर बँक बुडाल्यास ठेवींचा विमा दोनदा मिळेल का?

नाही. नौपाड्यात ६ लाख आणि घोडबंदर रोडला ६ लाख ठेवले, तरी बँक एकच असल्यामुळे दोन्ही रकमा एकत्र धरल्या जातात. विमा मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून आहे, त्याआधी फक्त १ लाख होती. सहकारी बँकांनाही हाच नियम.

मात्र संयुक्त खातं वेगळं मोजतात. आईच्या एकटीच्या नावावर ५ लाख आणि आई-बाबांच्या संयुक्त नावावर ५ लाख, असं दोन्हींना स्वतंत्र संरक्षण मिळतं. नॉमिनी बदलून मात्र काही फरक पडत नाही, लोक तिथे हमखास गल्लत करतात.

आणि कृपा करून पतसंस्थेला बँक समजू नका. ठाण्यात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, व्याजही जास्त देतात, पण त्यांच्या ठेवींना हा विमा लागू नाही. पावती काढण्याआधी हे विचाराच.

उरलेले पैसे शेअर्समध्ये टाकू का, असंही तुम्ही विचारलंय. आईच्या औषधपाण्याचे आणि घरखर्चाचे असतील तर अजिबात नको. वय ६० पूर्ण असेल तर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा: मुदत ५ वर्षं, कमाल ३० लाख, व्याज दर तिमाहीला खात्यात. पाठीशी केंद्र सरकार आहे, त्यामुळे तिथे ५ लाखांच्या मर्यादेचा प्रश्नच येत नाही.