कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली साठवायला कुठलं खोरं (गाळाच्या खडकांचे जाड थर साचलेला जमिनीखालचा खोलगट भाग) चालेल, हे कसं ठरवतात? महाराष्ट्रात तशी जागा आहे का?

मी भूवैज्ञानिक आहे. तेलविहिरींतून काढलेले खडकांचे कोअर, म्हणजे दंडगोलाकार नमुने, वर्षानुवर्षं तपासत आलोय, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच बाजूने देतो.

आधी खोली बघतात. साधारण 800 मीटरच्या खाली दाब 74 बारच्या आणि तापमान 31 अंशांच्या वर गेलेलं असतं. तिथे कार्बन डायऑक्साइड द्रवासारखा दाट होतो आणि जमिनीवर जेवढी जागा व्यापतो त्याच्या सुमारे तीनशेव्या भागात मावतो. त्याहून उथळ थर यादीतून तिथेच बाद.

मग खडकांची जोडी लागते, खाली साठवणारा आणि वर अडवणारा. चांगल्या वालुकाश्माच्या कोअरवर पाण्याचा थेंब टाकलात तर तो बघता बघता जिरतो. शेलवर, म्हणजे चिखलापासून बनलेल्या घट्ट खडकावर, तोच थेंब तसाच बसून राहतो. सच्छिद्रता (खडकात किती छिद्रं आहेत) आणि पार्यता (त्यांतून द्रव किती सहज वाहतो) आम्ही यंत्रावर मोजतोच, पण थेंब पाहिला की निम्मं कळलेलं असतं. ज्या खोऱ्यात तेल किंवा वायू लाखो वर्षं अडकून राहिलाय, तिथे वरचं झाकण टिकाऊ असल्याचा पुरावा आयताच मिळतो.

खरी मेख आहे ती दाबात. क्षेत्रफळ, जाडी आणि सच्छिद्रता यांचा गुणाकार केला की खोऱ्याची क्षमता कागदावर अब्जावधी टनांत येते आणि बातम्यांत तोच आकडा झळकतो. त्या आकड्यावर विसंबू नका असं मी प्रत्येकाला सांगतो. ती छिद्रं रिकामी नसतात, खाऱ्या पाण्याने काठोकाठ भरलेली असतात. खच्चून भरलेल्या एसटीतून कोणी उतरल्याशिवाय नवा माणूस चढणार कसा? पाण्याला बाजूला सरकायला वाट हवी, नाहीतर दाब चढत जातो आणि झाकण तडकण्याची वेळ येते. म्हणून एकूण छिद्रांपैकी जेमतेम काही टक्केच जागा उपयोगाची धरतात.

नॉर्वेत दाब न चढण्याची आणि चढण्याची अशी दोन्ही रूपं दिसली. उत्तर समुद्रातल्या स्लाइप्नर क्षेत्रात 1996 पासून नैसर्गिक वायूतून वेगळा केलेला कार्बन डायऑक्साइड वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास उत्सिरा नावाच्या वालुकाश्मात सोडत आले. त्या थराची सच्छिद्रता 35 टक्क्यांच्या वर आहे आणि तो इतका दूरवर पसरलाय की दाब फारसा चढलाच नाही. नंतरच्या सिस्मिक चित्रांत, म्हणजे ध्वनिलहरी खाली सोडून घेतलेल्या चित्रांत, मात्र वायू नऊ थरांत अडकत वर गेलेला दिसला. मधले शेलचे पापुद्रे जेमतेम मीटरभर जाडीचे, आधीच्या सर्वेक्षणात उमटलेच नव्हते. वायू खाली गेल्यावरच खडक कसा आहे ते नीट कळलं, आणि म्हणूनच मोजमाप पुढेही चालू ठेवावं लागतं.

दुसरं क्षेत्र बॅरेंट्स समुद्रातलं, स्नोव्हिट. तिथे 2008 मध्ये ट्युबोएन थरात सोडायला सुरुवात केली. तो थर जुन्या नदीपात्रांच्या वाळूचा, तुकड्यातुकड्यांत बंदिस्त झालेला. दाब अपेक्षेपेक्षा भराभर चढला आणि 2011 मध्ये तो थर सोडून दुसऱ्या थराकडे वळावं लागलं. देश तोच, अनुभवी माणसंही तीच, तरी असं झालं.

अल्जीरियातल्या इन सालाहची गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. तिथला वालुकाश्म जेमतेम वीसेक मीटर जाड आणि पार्यता कमी. वायू सोडला तशी वरची वाळवंटी जमीन वर्षाला काही मिलिमीटर उचलली गेली, आणि उपग्रहाच्या रडारने ते टिपलं. एका जुन्या शोधविहिरीपर्यंत वायू पोचून वरही आला होता, तेव्हा ती विहीर बंद करावी लागली. झाकणाबद्दल शंका आल्यावर 2011 मध्ये सोडणं थांबवलं.

आता महाराष्ट्र. राज्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बसाल्टने झाकलाय आणि त्याखाली गाळाचे थर असतीलच असं धरून चालता येत नाही. कोयनेला खोल बोअर घेतलं तेव्हा सुमारे 930 मीटर बसाल्टनंतर थेट ग्रॅनाइट लागला, मधे गाळाचा खडक नाहीच. याच कोयनेचा 1967 चा भूकंप दाबाबद्दलही सांगून जातो. धरण भरल्यावर खोलवर पाण्याचा दाब जरासा बदलला तरी आधीच ताणलेला भ्रंश, म्हणजे खडकातली मोठी भेग, सरकू शकतो. त्यामुळे कुठल्याही खोऱ्यात भ्रंशांचा नकाशा आणि खडकातला ताण मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

विदर्भात गोंडवाना काळाचे गाळाचे खडक आहेत, वीजकेंद्रंही जवळच आहेत. पण तिथल्या कामठी वालुकाश्मातून लोक पिण्याचं आणि शेतीचं पाणी काढतात. गोड पाण्याच्या थराला हात लावायचा नाही, यात तडजोड नाही.

बसाल्टमध्येच साठवण्याचा मार्ग वेगळा आहे. आइसलँडमध्ये 2012 च्या प्रयोगात पाण्यात विरघळवून सोडलेल्या वायूचा 95 टक्क्यांहून जास्त भाग दोन वर्षांच्या आत खनिज होऊन बसला. पण त्याला वायूच्या कितीतरी पट पाणी लागतं, आणि आपल्याकडच्या पठारावर ते आणायचं कुठून हा प्रश्न आहे.

उरतो मुंबईजवळचा समुद्र. तिथे 1974 पासूनची तेलविहिरींची आणि खडकांची माहिती हाताशी आहे, झाकणंही सिद्ध झालेली आहेत. माझा कल तिकडेच आहे. मात्र तिथला तेलाचा मुख्य साठा चुनखडीत आहे, आणि कार्बन डायऑक्साइड मिसळलेलं पाणी आम्लधर्मी होऊन चुनखडीला तसंच विहिरीभोवतीच्या सिमेंटलाही हळूहळू खातं. तिथल्या मूल्यमापनाचं काम माझ्याकडे आलं तर क्षमतेच्या गणिताआधी मी जुन्या विहिरींची नोंदवही मागवेन: कुठली कधी बंद केली, सिमेंट किती खोलीपासून किती खोलीपर्यंत भरलं, आणि त्यानंतर ते कोणी तपासलं का.