ऑटिझम आणि कुत्रा: पालकांचे तेच ते प्रश्न

ठाण्यातल्या माझ्या सेंटरवर रोज कोणीतरी हेच विचारतं, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, डॉग ट्रेनर नाही, हे आधी सांगते.

कुत्रा पाळला तर ऑटिझम बरा होतो का? (मानपाडा)

नाही.

इन्स्टावर एकजण 'ऑटिझमसाठी सर्टिफाइड' लॅब्राडोरचं दोन महिन्यांचं पिल्लू विकतोय, जॅकेट आणि ओळखपत्रासकट. घेऊ का? (खारघर)

अजिबात नको. दोन महिन्यांच्या पिल्लाला शी-शू कुठे करायची ते कळत नाही, त्याचं रेबीजचं इंजेक्शनही झालेलं नसतं, ते सर्टिफाइड कसलं? असिस्टन्स डॉग, म्हणजे कायम मुलाबरोबर राहून मदत करायला शिकवलेला कुत्रा, तयार व्हायला दीड-दोन वर्षं लागतात आणि त्यातही बरेच कुत्रे ट्रेनिंगमधून गळतात. जॅकेट काय, कोणीही शिवून देतं. थेरपी डॉग वेगळा, तो हँडलरबरोबर, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या माणसाबरोबर येतो, सेशन झालं की जातो. आमच्याकडे एक लॅब्राडोर यायची. केसांना कंगवा लावला की किंचाळणारा सात वर्षांचा एक मुलगा तिच्या पाठीवर ब्रश फिरवत वीसपर्यंत मोजायचा, आणि एक दिवस तोच ब्रश त्याने हळूच स्वतःच्या मनगटावर फिरवून बघितला. तर आधी तुमच्या थेरपिस्टला विचारून अशी चार-पाच सेशन्स करा, मूल कुत्र्याजवळ कसं वागतं ते बघा, विकत घ्यायचं नंतर.

मुलगी सहा वर्षांची, हात सोडवून पळते, दोनदा तलावपाळीच्या कठड्यापर्यंत गेली. परदेशात मुलाचा पट्टा कुत्र्याला जोडतात, तसा मागवला तर आमचा गोल्डन रिट्रीव्हर तिला सांभाळेल का? (नौपाडा)

नाही सांभाळणार, आणि हात जोडून सांगते, तो पट्टा मागवू नका. कॅनडात 1990 च्या दशकात ऑटिझमसाठी असे कुत्रे तयार करायला लागले, तिथे कुत्र्याची दोरी कायम आईवडिलांच्या हातात असते, मुलाचा पट्टा कुत्र्याच्या हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, आणि मूल पळायला लागलं की कुत्रा पाय रोवून जागीच थांबतो कारण त्याला तेवढ्यासाठीच शिकवलेलं असतं. तुमचा गोल्डन प्रेमळ असेल हो, पण आपल्याकडे पाळीव कुत्रा दिसला की गल्लीतले चार कुत्रे भुंकत अंगावर येतात, तो दचकून पळाला तर मुलगी मागे फरपटत जाणार. गेल्या पावसाळ्यात एक बाबा मुलाला घेऊन आले होते, दोन्ही कोपरं सोललेली आणि कमरेवर पट्ट्याचा लालभडक वळ. घरच्या कुत्र्याला असा पट्टा बांधला होता. मला जास्त भीती पाण्याची वाटते. ऑटिझमवाली बरीच मुलं घरातून निसटली की पाण्याकडे ओढली जातात, आणि ठाण्यात तर जागोजागी तलाव. दाराला वर कडी लावा, फ्रॉकच्या आत फोन नंबर शिवा, वॉचमनला तिचा फोटो द्या, ती निसटली तर आधी पाण्याच्या दिशेने धावा, आणि तिला पोहायला शिकवा, शिकवणाऱ्याला ऑटिझमचं नीट सांगून. आठवडाभर लिहून काढा ती नेमकी कधी पळते, हॉर्न वाजल्यावर, गर्दीत, की भूक लागल्यावर, आणि ती वही घेऊन थेरपिस्टकडे जा. वही दाखवली की अर्धं काम होतं.

सोसायटी कुत्र्याला लिफ्टमध्ये येऊ देत नाही. (कोपरखैरणे)

अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या गाइडलाइन्सप्रमाणे अशी बंदी घालता येत नाही. पालिकेचं लायसन्स काढा, लस वेळेवर द्या, तरी ऐकलं नाही तर वकिलाला विचारा.

मुलगा अडीच वर्षांचा, बोलत नाही, हाक मारली तरी बघत नाही. सासूबाई म्हणतात मुलगे उशिराच बोलतात, पिल्लू आणा, त्याच्याशी खेळता खेळता बोलेल. (ऐरोली)

सासूबाईंचा जीव आहे नातवावर, पण 'मुलगे उशिराच बोलतात' ऐकत बसलेल्यांची मुलं माझ्याकडे पाचव्या वर्षी येतात आणि मला फार वाईट वाटतं. या आठवड्यातच कानांची तपासणी करा, लगेच डेव्हलपमेंटल पेडियाट्रिशियनला, म्हणजे मुलांचा विकास तपासणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. खर्चाची अडचण असेल तर वाशीत सेक्टर 30 ला महापालिकेचं ईटीसी, म्हणजे दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे जाऊन चौकशी करा. पिल्लाचं काय ते मुलाची थेरपी सुरू झाल्यावर बघू.