समोरच्याला लागलं आणि आपल्याकडून शिट्टी वाजली

नाशकात थंडी पडली की प्रकाशझोतातल्या कबड्डी स्पर्धा सुरू होतात आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरही बदलतो. या वेळची पाच पत्रं एकाच दुखण्याभोवती फिरतात. उत्तरं एक पंच, एक प्रशिक्षक आणि एक फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : उपांत्य सामन्यात समोरच्यांचा एकच चढाईपटू आम्हाला जड जात होता. दुसऱ्या डावात तो गुडघा धरून खाली बसला आणि आमच्या बाजूने शिट्ट्या झाल्या. मी शिट्टी वाजवली नाही, पण 'बरं झालं' असं मनात आलंच. नुसतं मनात येणं हेही वाईट का? कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही म्हणतात. (एक वाचक, पंचवटी)

गाय मरत नाही हे खरं. पण त्या म्हणीत कावळ्याचं कौतुकही नाही.

तुमच्या 'बरं झालं'मध्ये दोन गोष्टी एकात एक गुंतल्या आहेत. तो आता चढाईला येणार नाही म्हणून सुटल्यासारखं वाटणं ही एक, आणि त्याला लागलं याचं समाधान ही दुसरी. कोणती होती ते तपासायचं असेल तर असं समजा, की त्या दिवशी त्याच्या बहिणीचं लग्न होतं आणि तो सामन्याला आलाच नाही. तेव्हाही तुम्हाला एवढंच बरं वाटलं असतं का? वाटलं असतं तर तुम्हाला त्याची गैरहजेरी हवी होती. ती भावना सामन्यातली आहे. तो बाद होऊन बाहेर बसतो तेव्हाही आपण असेच खूश होतो. लग्नाने तेवढी मजा आली नसती असं वाटत असेल, तर मात्र स्वतःकडे नीट पाहायला हवं.

पहिल्या क्षणी जे मनात येतं त्याचा हिशोब आम्ही मागत नाही. हिशोब पुढच्या दहा सेकंदांचा. त्या दहा सेकंदांत मॅटवर काय झालेलं असतं ते सांगतो. चढाईपटू मध्यरेषेकडे वळलेला, एक पाय घट्ट रोवलेला. बुटाचा रबरी तळ मॅटला धरून बसतो. बाजूने कव्हरचा, म्हणजे मधल्या बचावपटूचा, डॅश (अंगाची धडक) येतो, अंग फिरतं, पाऊल फिरत नाही आणि गुडघा आत वळतो. आत तीन-साडेतीन सेंटिमीटरचं एक लिगामेंट असतं, एसीएल. ते तुटताना अनेकांना 'टक' असा आवाज जाणवतो आणि काही तासांत गुडघा फुगतो. पूर्ण तुटलं आणि पुन्हा वळणावळणाचा खेळ खेळायचा असेल, तर बहुतेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. त्याच्याच मांडीमागचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध घेऊन नवं लिगामेंट बसवतात. त्यानंतर किमान नऊ महिने मैदान नको, असा सल्ला असतो. नऊ महिने म्हणजे अख्खा हंगाम. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्राच्या मागे असलेल्या मुलाच्या हातून हंगाम जातो, पण वयोमर्यादा त्याच्यासाठी थांबत नाही.

आता हिशोबी माणसाला पटेल अशी गोष्ट. अशा इच्छा फळतात तेव्हाही भलतीकडेच फळतात. क्रिकेट विश्वचषकात 19 ऑक्टोबर 2023 ला पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर बांगलादेशाविरुद्ध हार्दिक पंड्याचा घोटा मुरगळला. त्याच्या षटकाचे उरलेले तीन चेंडू विराट कोहलीने टाकले. भारताचं वाईट चिंतणाऱ्यांना आनंद झाला असेल. पण संघाची घडी बदलली, मोहम्मद शमी अकरात आला आणि त्याने सात सामन्यांत 24 बळी घेतले, स्पर्धेत सर्वांत जास्त. समोरचा एक मोहरा पडला की त्यांच्या राखीव बाकावरून कोण उठेल हे तुम्हाला ठाऊक नसतं.

आणि एका माणसाने हीच इच्छा हातात सुरी घेऊन पुरी केली, तेही लक्षात असू द्या. 30 एप्रिल 1993, हँबुर्ग. टेनिसपटू स्टेफी ग्राफच्या एका चाहत्याने सामन्याच्या मधल्या विश्रांतीत तिची प्रतिस्पर्धी मोनिका सेलेसच्या पाठीत सुरी खुपसली. सेलेस तेव्हा 19 वर्षांची होती आणि जगात पहिल्या क्रमांकावर. ती दोन वर्षांहून जास्त काळ खेळली नाही. ग्राफ पुन्हा पहिली झाली, पण तेव्हापासून तिच्या त्या काळातल्या विजेतेपदांची चर्चा निघाली की 'सेलेस असती तर' हे शेपूट मागून येतंच. ते शेपूट तिच्या चाहत्यानेच जोडलं. शिट्टी मारणारा आणि सुरी मारणारा एकच, असं आम्ही म्हणत नाही. मध्ये खूप अंतर आहे. इच्छा मात्र दोघांचीही एकच होती.

शिट्टीचं आणखी एक. मनातलं कोणाला ऐकू जात नाही, शिट्टी जाते. मॅटपासून चार हातांवर बसलेल्या गर्दीची शिट्टी तुमच्याच संघाच्या 19 वर्षांच्या कॉर्नरला, म्हणजे टोकाच्या बचावपटूला, ऐकू जाते आणि पुढच्या पकडीला त्याचा हात थोडा जास्त पिळतो.

प्रश्न : समोरच्यांच्या मुख्य चढाईपटूच्या उजव्या गुडघ्याला पट्टा आहे. आमच्याकडचे जाणते म्हणतात, 'तिथेच घुसा.' हे डावपेच की दगाबाजी? (एका संघाचा कर्णधार, सातपूर)

दोन्ही होऊ शकतं. तुम्ही कुठे आणि कशासाठी हात घालता त्यावर ते ठरतं.

पट्टा दिसतो म्हणजे उजव्या पायावर जोर देऊन उसळी घ्यायला तो कचरणार, वळताना डावा पाय वापरणार. ही माहिती वापरण्यात गैर काही नाही. त्याला नको असलेल्या बाजूला वळायला भाग पाडा. निदान रेषा (मध्यरेषेच्या पुढची रेषा) ओलांडून आत येऊ द्या, परतीची वाट उजव्या पायावरून जाईल अशी साखळी लावा, 30 सेकंदांची चढाई शेवटपर्यंत ताणा. दमलेला गडी चुकतो आणि चुकला की तुमचा.

पकड घालताना जागा पाळा. घोट्याची पकड म्हणजे खाली वाकून दोन्ही हातांनी टाच-घोटा कवेत घ्यायचा आणि पाय जमिनीपासून उचलून छातीकडे ओढायचा. तोल गेला की काम झालं. बिघडतं ते तेव्हा, जेव्हा अंगाचा सगळा भार त्याच पायावर असताना धरणारा पाऊल बाहेर पिळतो. तो पीळ थेट गुडघ्यात चढतो. मांडीची पकड गुडघ्याच्या बरीच वर, दोन्ही हातांची मिठी घालून. सगळ्यांत वाईट प्रकार म्हणजे पाय आधीच धरलेला, गुडघा ताठ, आणि मदतीला धावलेला दुसरा गडी समोरून त्या गुडघ्यावर पडतो. त्याने हे मुद्दाम केलेलं नसतं, त्याला शिकवलेलं नसतं. दुसऱ्याने कमरेला किंवा छातीला भिडायचं, पायावर जायचं नाही, हे सरावात रोज वीस वेळा घोकून घ्या. पायांची कात्री घालणं, तोंड दाबून दम मोडणं, कपडे वा केस ओढणं हे तर नियमातच फाऊल आहे. शिट्टी झाल्यावरही पीळ सुटला नाही तर हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर आणि लाल म्हणजे सामनाच संपला.

स्वतःला विचारायचा प्रश्न असा : पट्टा नसता तरी मी हीच पकड, याच जागी घातली असती का? कायदाही जवळपास हेच विचारतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 25 मध्ये उदाहरण आहे तलवारबाजीचं. करमणुकीसाठी दोघं खेळायला कबूल झाले आणि सरळ खेळताना एकाकडून दुसऱ्याला इजा झाली, तर तो गुन्हा नाही. पण ही सवलत 18 वर्षांवरील माणसाच्या संमतीला आहे आणि गंभीर दुखापत करायचा हेतू असेल तिथे ती लागू होत नाही. हाड मोडणं, सांधा निखळणं हे कायद्याच्या लेखी गंभीरच. समोरचा गडी पकडीला संमती देऊन मॅटवर येतो, गुडघा पिळवून घ्यायला येत नाही.

जाणत्यांना एक सांगा. अमेरिकन फुटबॉलमध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्स या संघात समोरच्या खेळाडूला जायबंदी केल्याबद्दल बक्षिसाचे पैसे ठरलेले होते. 2012 मध्ये ते उघडकीला आलं आणि मुख्य प्रशिक्षक शॉन पेटन यांना पूर्ण हंगाम घरी बसावं लागलं. 'तिथेच घुसा' म्हणणाराही जबाबदार असतो.

प्रश्न : बारा वर्षांचा मुलगा क्रिकेट बघताना 'लागू दे त्याला, हेल्मेटवर मार' असं ओरडतो. रागावू की हसण्यावारी नेऊ? (एक आई, गंगापूर रोड)

रागावलात तर तो तुमच्यासमोर ओरडायचा थांबेल, एवढंच होईल. त्यापेक्षा त्याला शेजारी बसवून 2025 च्या इंग्लंड दौऱ्यातले दोन प्रसंग दाखवा. मँचेस्टरला इंग्लंडच्या ख्रिस वोक्सच्या चेंडूवर रिव्हर्स स्वीप मारताना ऋषभ पंतच्या पायाचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी तो लंगडत फलंदाजीला उतरला तेव्हा इंग्लंडचे प्रेक्षक उभे राहिले. मग ओव्हलला तोच वोक्स, खांदा निखळलेला, डावा हात स्वेटरच्या आत बांधून शेवटच्या गड्याच्या रूपात आला. भारताने सहा धावांनी सामना जिंकला. मुलाला विचारा, वोक्स आलाच नसता तर त्या विजयाला एवढी चव आली असती का.

हेल्मेटचं मात्र थोडं गांभीर्याने सांगा. नोव्हेंबर 2014 मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिल ह्यूज याला मानेजवळ चेंडू लागला तेव्हा त्याने हेल्मेट घातलेलं होतं. दोन दिवसांनी तो गेला. तेवढं एक वाक्य पुरेल. मुलांना बाकीचं आपोआप कळतं.

प्रश्न : खरं लागलेलं नसतं, वेळ काढायला लोळतात. अशांची हुर्यो उडवली तर काय चुकलं? (एक प्रेक्षक, सिडको)

लोळणारे असतात, आम्ही नाकारत नाही. पण तिसऱ्या रांगेतून खरं-खोटं ओळखता येत नाही. तुटलेल्या लिगामेंटवर खेळाडू दोन मिनिटांनी उठून चालतोही, आणि स्नायूत गोळा आलेला माणूस गडाबडा लोळतो. ओळखायचं काम पंचांचं, घड्याळही त्यांच्याच हातात. त्यांनी वेळ थांबवली असेल तर लोळणाऱ्याच्या पदरात फक्त विश्रांती पडते. हुर्यो उडवायचीच असेल तर तो उठून पुढच्या चढाईला धावत आल्यावर उडवा.

प्रश्न : आमचं मंडळ खुल्या मैदानावर स्पर्धा घेतं. खेळाडू पडला की गर्दी आत घुसते, कोणी हसतं, कोणी मोबाइल काढतं. आयोजकांनी काय तयारी ठेवावी? (नाशिकरोड)

गर्दीचं वागणं निम्मं माइकवर अवलंबून असतं. निवेदक 'गेला, गेला, विकेट पडली' म्हणाला तर गर्दी हसणारच. त्याला आधीच कागदावर दोन ओळी लिहून द्या : 'खेळाडूला लागलं आहे. कृपया जागेवर बसा, मॅट मोकळी ठेवा.' डीजे त्याच क्षणी बंद. खेळाडूचं नाव आणि संघ आदराने घ्यायचा आणि तो उठला की टाळ्यांचं आवाहनही निवेदकानेच करायचं. पहिल्या सामन्यात हे घडलं की पुढच्या सामन्यात लोक स्वतःहून करतात.

पण त्याआधी लागूच नये याची तयारी. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री दव पडतं आणि उघड्यावरची मॅट आठनंतर ओली होऊ लागते. दोन कोरडे मॉप आणि दोन मुलं फक्त त्याच कामाला ठेवा, प्रत्येक डावानंतर पूर्ण मॅट पुसायची. मॅटचे चौकोनी तुकडे खेळता खेळता सरकतात आणि फटीत बोट अडकून घोटा मुरगळतो. दर सामन्याआधी एकाने अनवाणी चालून फटी तपासाव्यात. थंडीत तासभर बसून राहिलेल्या संघाला पुकारा झाल्या झाल्या मॅटवर ओढू नका, पंधरा मिनिटं अंग गरम करायला द्या. वेळापत्रक असं आखा की दहाला, म्हणजे ध्वनिक्षेपक बंद करायच्या वेळेला, शेवटचा सामना संपलेला असेल. दमलेल्या पायांना लागतं, आणि थंडीत कुडकुडत बसलेल्या गर्दीची जीभही तेव्हाच जास्त सैल सुटते.

मॅटच्या कडेला स्ट्रेचर, क्रेप बँडेज, खपच्या, हातमोजे आणि बर्फाची पेटी. बर्फ थेट कातडीवर नको. पातळ कापडात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं. दुचाक्या लावताना रुग्णवाहिकेपुरती वाट मोकळी सोडा आणि 108 ला फोन केला की एक मुलगा फाट्यावर उभा करा, नाहीतर गल्ल्यांमध्ये गाडी फिरत राहते.

मान किंवा पाठीला लागल्याची शंका असेल तर कोणीही उचलायचं नाही. एकाने दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरायचं आणि रुग्णवाहिकेची वाट पाहायची. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. उत्साही कार्यकर्ते काखेत हात घालून उभं करतात. डोक्याला लागून क्षणभर जरी भोवळ आली, गोंधळल्यासारखं झालं, तरी त्या दिवशी तो पुन्हा खेळणार नाही, मग अंतिम सामना असो. उलटी, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं यापैकी काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. त्याच्या संघाचा कर्णधार 'खेळतो तो' म्हणाला तरी ऐकू नका.

त्याच्यासोबत जाणाऱ्या माणसाचं नाव आधीच ठरवून ठेवा, तो शक्यतो यजमान मंडळाचा असावा. रक्त सांडलं असेल तर हातमोजे घालून जंतुनाशकाने पुसा, मॅट कोरडी करा आणि मगच पंचांना शिट्टी वाजवायला सांगा.