मिस्त्रींना विचारा : नवं मॉडेल येतंय, थांबू का?

प्रश्न : राम राम मिस्त्री. शाहूपुरीत माझी गुळाची अडत आहे. नऊ लाखांपर्यंत पेट्रोल हॅचबॅक घ्यायची आहे. बलेनो, आय-ट्वेंटी आणि अल्ट्रोज या तिघींत अडकलोय. सासुरवाडी वैभववाडीला, म्हणजे गगनबावड्याचा घाट ठरलेला, तोही चार माणसं आणि भरलेली डिक्की घेऊन. पोरगा म्हणतोय, "पप्पा, २०२६ मध्ये नव्या गाड्या येणार, आत्ता घेतली की लगेच जुनी होणार." शोरूमवाला म्हणतोय, डिसेंबरात घ्या, सूट आहे. कुणाचं ऐकू?
— एक अडत व्यापारी, कोल्हापूर

उत्तर : राम राम शेठ. पोराला गाडी मित्रांना दाखवायची आहे आणि शोरूमवाल्याला यार्ड रिकामं करायचं आहे. घाट तुम्हाला चढायचाय, तेव्हा हिशेब तुमच्या बाजूनं मांडू.

आधी एक समज काढून टाका. अमेरिकेत पुढच्या वर्षाचं मॉडेल आदल्या वर्षीच विकायला येतं. आपल्याकडं तसं नाही. इथं '२०२६ चं मॉडेल' म्हणजे २०२६ मध्ये कारखान्यातून निघालेली गाडी, बस्स. ३१ डिसेंबरची आणि १ जानेवारीची गाडी शेजारी उभी केली तर मलासुद्धा फरक सांगता यायचा नाही. जानेवारीत बदलते ती बहुतेक वेळा किंमत, आणि ती वरच जाते.

खरा बदल दोन तऱ्हेचा. एक, गाडीची पिढी बदलते : बॉडी, सांगाडा, कधी इंजिनसुद्धा नवं. दुसरा फेसलिफ्ट : बंपर, ग्रिल, दिवे, आतला स्क्रीन. आय-ट्वेंटीचं बघा. पहिली आली २००८ च्या शेवटी, दुसरी २०१४ मध्ये, तिसरी नोव्हेंबर २०२० मध्ये. सहा-सहा वर्षांचा फेरा आहे, त्या हिशेबानं पोरगा उगाच बोलत नाही. बलेनो २०१५ ची, तिची मोठी दुरुस्ती फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली, म्हणजे तिच्यातही काहीतरी यायची वेळ होत आलीय. अल्ट्रोज जानेवारी २०२० ची आणि तिचा फेसलिफ्ट मे २०२५ मध्ये येऊनही गेला.

आता माझं मत, पटलं तर घ्या. पिढी बदललेली गाडी पहिल्या वर्षात घेऊ नये. कंपनी कुठलीही असो. कारखान्यात न दिसलेल्या खोडी गिऱ्हाइकाच्या हातात दिसतात, मग कधी सॉफ्टवेअर बदल, कधी एखादा पार्ट बदलून दे, असं चालतं. वर उद्यमनगरात त्या गाडीचं साधं बंपर किंवा हेडलाइट मागायला जा, दुकानदार म्हणतो, "मागवायला लागंल, आठ दिवस थांबा." फेसलिफ्ट झालेली गाडी मात्र डोळे झाकून नाही, पण निवांत मनानं घ्यावी. आतलं यंत्र तेच, खोडी निघून गेलेल्या, आणि पुढची काही वर्षं ती जुनी दिसणार नाही.

आणि 'नवं' म्हणजे 'जास्त' असं कुणी सांगितलं? सप्टेंबर २०२३ च्या फेसलिफ्टमध्ये साध्या आय-ट्वेंटीचं जास्त ताकदीचं टर्बो इंजिन गेलं, ते फक्त एन लाइन या तिच्या स्पोर्टी बहिणीला राहिलं. २०२२ च्या बलेनोत सीव्हीटी, म्हणजे झटका न देणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून स्वस्तातला एएमटी, म्हणजे मॅन्युअललाच ऑटोमॅटिक केलेला गिअरबॉक्स बसवला. मे २०२४ च्या स्विफ्टला चारऐवजी तीन सिलिंडरचं इंजिन आलं : ॲव्हरेज वाढलं, कंपनीच्या आकड्यात लिटरला २४.८ किलोमीटर, पण ताकद ९० पीएसवरून ८२ वर आली. ज्यांनी वाट बघितली त्यांना जास्त ॲव्हरेज आणि कमी पिकअप मिळालं. काहींना तेच हवं होतं, ती गोष्ट वेगळी.

उलट कामाचे बदल गाजावाजा न करता येतात. जुलै २०२५ मध्ये बलेनोच्या सगळ्या मॉडेलांत सहा एअरबॅग आल्या. बाहेरून पत्रा तोच, ग्रिल तेच. पोरांनी व्हॉट्सॲपवर फोटो टाकला नाही, कारण फोटो काढण्यासारखं काही नव्हतंच. म्हणून गाडी बघताना 'फेसलिफ्ट कधी' याच्या आधी 'ही गाडी कुठल्या महिन्यात बनली' हे विचारा.

थांबून खरोखर पैसे वाचले ते २०२५ च्या घटस्थापनेला. २२ सप्टेंबरपासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवरचा कर सेससकट २९ टक्क्यांवरून १८ वर आला. ज्यांनी गणपतीत गाडी घेतली ते अजून हळहळतायत. पण तो सरकारचा निर्णय होता, नव्या मॉडेलचा त्यात काही हात नाही.

तुमच्यासाठी मी अल्ट्रोज म्हणेन, पेट्रोल मॅन्युअल. नुकतीच बदललीय, डिक्की तिघींत मोठी (३४५ लिटर), जानेवारी २०२० मध्येच ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळवलेत. एकच अट : तिचं इंजिन तीन सिलिंडरचं आहे, बलेनो आणि आय-ट्वेंटीचं चार. उभी असताना थरथर जाणवते. म्हणून टेस्ट ड्राइव्ह ताराबाई पार्कात फिरवून उरकू नका. वहिनी, पोरं, सगळ्यांना बसवा आणि गाडी पन्हाळ्याच्या चढाला न्या. वळणावर दुसऱ्या गिअरला टाकून, एसी चालू ठेवून परत उचलते का बघा. तिथं मन खट्टू झालं तर चार सिलिंडरची बलेनो घ्या, तिचा फेसलिफ्ट आला तरी तुमचं इंजिन काही बिघडणार नाही. तिघींत फक्त अल्ट्रोजमध्ये डिझेल मिळतं आणि घाटात त्याची मजा न्यारी, पण रोजचं शाहूपुरी ते मार्केट यार्ड एवढंच असेल तर डिझेलचं नाव काढू नका, धूर गाळणारी जाळी तुंबून डोकं उठेल.

प्रश्न : मला दाखवलेली गाडी जुलै २०२५ मध्ये बनलीय. सेल्समन म्हणतो, पासिंग जानेवारीत करू, म्हणजे गाडी २०२६ ची होईल. खरं आहे का?
— एक वाचक भगिनी, इचलकरंजी

उत्तर : नाही ताई. पासिंग २०२६ चं होईल, मॉडेल २०२५ चंच राहील. आरसी बुकावर बनल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, आणि उद्या विकायला गेलात की व्यापारी पहिल्यांदा तेच बघतो. बऱ्याच कंपन्यांच्या सतरा आकडी चेसी नंबरात दहावं अक्षर वर्षाचं असतं : २०२५ ला 'एस', २०२६ ला 'टी'. टायरच्या कडेला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, '२७२५' म्हणजे २०२५ चा सत्ताविसावा आठवडा. टायर गाडीच्या आधी बनतो, त्यामुळं तो थोडा जुना चालेल. पण एका चाकाचा आकडा बाकीच्यांपेक्षा फार वेगळा निघाला तर कारण विचारा.

यार्डात पाच-सहा महिने उभ्या गाडीची बॅटरी उतरते आणि टायर एका जागी बसतात. उसाच्या फडाशेजारचं यार्ड असेल तर बोनेट उघडून वायरिंगवर टॉर्च मारा. उंदरांना ते प्लॅस्टिक फार आवडतं. ब्रेकच्या डिस्कवर तांबूस गंज दिसला तर घाबरू नका, दोन-चार ब्रेक मारले की जातो. नवी बॅटरी मात्र मागून घ्या, आणि लेखी.

सूट पुरेशी आहे का, हे ठरवायचं असं : जुन्या गाड्यांच्या दोन व्यापाऱ्यांना फोन करा, त्याच गाडीच्या २०२३ आणि २०२२ च्या मॉडेलचा भाव विचारा. जो फरक सांगतील, त्यापेक्षा सूट जास्त हवी. दहा वर्षं वापरणार असाल तर एवढा कीसही पाडू नका, सूट खिशात घाला. तीन-चार वर्षांत बदलायची सवय असेल तर जानेवारीत बनलेली गाडीच मागा.

प्रश्न : माझ्याकडं २०१९ ची स्विफ्ट पेट्रोल आहे, काही तक्रार नाही. नवी घेऊ का?
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : तक्रार नाही तर कशाला? तुमच्या गाडीत चार सिलिंडरचं ८३ पीएसचं इंजिन आहे, नवीत तीन सिलिंडरचं ८२. सहा एअरबॅगसाठी बदलत असाल तर बदला, ते कारण मला मान्य आहे. नाहीतर एवढंच करा : गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची असल्यामुळं ती हल्ली पंपावर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेली नाही. पुढच्या सर्व्हिसिंगला मिस्त्रीला इंधनाचे रबरी पाइप आणि सील हात लावून बघायला सांगा. कडक झाले असतील तर बदलून टाका.