वाद्यदुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ट्रंपेट जुनं, मेरठचं आहे. त्यासाठी नवा 7सी माउथपीस घेतला, पण तो रिसिव्हरमध्ये (ट्रंपेटच्या ज्या तोंडात माउथपीस बसतो तिथे) डगमगतो. शँकला कागदाची पट्टी गुंडाळली की घट्ट बसतो. असंच वाजवत राहिलं तर चालेल का? की 5सी घ्यायला हवा होता? (कसबा पेठ)

5सी घेऊन काही साधलं नसतं. नंबर सांगतो तो ओठ टेकतात त्या वाटीचा आकार, शँकचा नव्हे. आणि कागद आजच काढा.

शँक, म्हणजे माउथपीसची आत जाणारी दांडी, निमुळती असते. ट्रंपेटमध्ये हा उतार साधारण 1:20 असतो, म्हणजे 20 मिमी लांबीत व्यास 1 मिमीने बदलतो. हिशेब उलटा केला तर व्यासात 0.05 मिमीचा फरक पडला की माउथपीस 1 मिमी आत किंवा बाहेर सरकतो. वहीचा कागद सुमारे 0.1 मिमी जाड. एका वेढ्याने व्यास 0.2 मिमी वाढतो आणि माउथपीस तब्बल 4 मिमी बाहेर येतो. डगमग थांबते, पण शँकचं टोक आणि पुढची नळी (लीडपाइप) यांच्यामधली फट पार बदलून जाते. शिवाय वाफेने कागद ओला होऊन लगदा होतो तो वेगळाच. विसर्जनाच्या पावसात तर विचारूच नका.

आधी शँक नेमकी कुठे टेकते ते शोधा. ती पुसून कोरडी करा आणि मार्करने टोकापासून वरपर्यंत चार उभ्या रेघा ओढा. शाई वाळली की माउथपीस जोर न लावता आत घाला, पाव फेरा फिरवा आणि सरळ बाहेर काढा. शाई जिथे घासली गेली तिथे धातूला धातू लागतोय. आत गेलेल्या सगळ्या लांबीत सारखी घासली असेल तर बसण्यात दोष नाही. फक्त टोकाशी घासली असेल तर बाहेरचं तोंड मोकळं राहिलंय. तुमची डगमग बहुधा हीच, कारण माउथपीस टोकावर तोललेला असतो. फक्त वरच्या, जाड भागात घासली असेल तर शँकचा उतार रिसिव्हरपेक्षा जास्त आहे आणि टोक आत अधांतरी आहे. समोरासमोर दोनच ठिपके दिसले तर काहीतरी लंबगोल झालंय. बऱ्याचदा ते शँकचं टोक असतं, कधीतरी फरशीवर पडलेलं.

चेपलेलं टोक दुरुस्त करणं सोपं. निमुळती पोलादी सळई आतून हलक्या हाताने फिरवली की ते पुन्हा गोल होतं. कात्रीचं टोक किंवा स्क्रूड्रायव्हर मात्र घालू नका. पितळ मऊ असतं, कड फाटते.

उतारच जुळत नसेल तर लेथ लागतो. भोसरीच्या कारागिराला मोर्स टेपर, म्हणजे ठरावीक मापाचा उतार, समजावून सांगावा लागत नाही, त्याच्या लेथच्या टेलस्टॉकमध्ये (मागच्या टोकाच्या आधारात) तोच असतो. पण ‘मोर्स’ एवढंच सांगून भागत नाही. 0 नंबरचा उतार 1:19.2 आणि 1 नंबरचा 1:20.05. शँकच्या 25 मिमी लांबीत या दोघांत व्यासाचा फरक पडतो 0.05 मिमी, म्हणजे अर्ध्या कागदाइतका. हलायला तेवढा पुरतो. म्हणून ट्रंपेट सोबत न्या आणि तिथेच शाई लावून बघा. कापायची ती शँक, रिसिव्हर नव्हे. रिसिव्हरमध्ये रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) घातलात तर तुमचे सगळेच माउथपीस जास्त आत जातील, आणि गेलेलं पितळ परत येत नाही. शँक कापताना माउथपीस बोअरच्या, म्हणजे आतल्या भोकाच्या, सेंटरवर धरायला सांगा, नाहीतर शँक भोकाच्या एका अंगाला कलते.

प्रश्न : माउथपीस आणि लीडपाइप यांच्यामधली फट किती असावी? ती मोजायची कशी? (कोथरूड)

पुष्कळ ट्रंपेटमध्ये शँकचं टोक आणि लीडपाइपची सुरुवात यांत 3 मिमीच्या आसपास जागा असते. काही वाद्यांची रचनाच वेगळी असते, त्यांत लीडपाइपच्या सुरुवातीला पायरीच नसते. तिथे ही मोजणी लागू नाही.

पेपरक्लिप सरळ करून तिच्या टोकाला 1 मिमीचा आकडा वळवा. रिकाम्या रिसिव्हरमध्ये घालून आकडा लीडपाइपच्या कडेवर टेकवा आणि रिसिव्हरच्या तोंडाशी तारेवर खूण करा. समजा ते अंतर 28.5 मिमी भरलं. आता माउथपीस घाला, तोंडाशी शँकवर पेन्सिलची रेघ मारा, बाहेर काढून टोकापासून मोजा. ते 25.5 आलं, तर फट 3 मिमी. मोजायला व्हर्नियर घ्या, शाळेची पट्टी नको.

फट बदलली की वरच्या सप्तकातले स्वर जागेवर किती घट्ट लागतात आणि फुंकर किती अडते, हे बदलतं. अर्ध्या मिलिमीटरसाठी झोप उडवून घेऊ नका. वरातीत तो फरक घोड्यालाही कळणार नाही. दोन-तीन मिमीचा फरक मात्र वाजवणाऱ्याला जाणवतोच.

प्रश्न : कॉर्नेटचा माउथपीस ट्रंपेटला लावता येईल का? (हडपसर)

नाही. कॉर्नेटची शँक बारीक असते, ट्रंपेटमध्ये ती सैल पडते. उलट, ट्रंपेटची शँक कॉर्नेटमध्ये जातच नाही. कॉर्नेटचा माउथपीस ट्रंपेटला जोडणारी पितळी नळी मिळते, पण तिने सूर बदलू शकतो. फ्लुगलहॉर्नमध्ये तर तीन तऱ्हेच्या शँक आहेत, त्यामुळे वाद्य सोबत नेल्याशिवाय माउथपीस विकत घेऊ नका.

प्रश्न : माउथपीस अडकलाय, पकडीने फिरवून काढू का? (नाना पेठ)

पकड लावू नका. पिळलं की लीडपाइपचे डाखकाम केलेले टेकू सुटतात, आणि दुरुस्ती माउथपीसच्या किमतीवर जाते. दुरुस्तीवाल्याकडे पुलर असतो. त्याचे दोन्ही स्क्रू आळीपाळीने पाव-पाव फेरा फिरवले की ‘टक्’ आवाज होऊन माउथपीस सुटतो. बहुतेकदा तो अडकतो तळव्याने थाप मारून बसवल्यामुळे. घालताना पाव फेरा फिरवून टेकवला की पुरे. वाजवून झाल्यावर दर वेळी काढा, शँक आणि रिसिव्हरचं तोंड कोरड्या फडक्याने पुसा आणि मगच पेटीत ठेवा.